कयाक एका बाजूला ओढते? सुकाणू विकत घेण्याआधी एवढं तपासा

आधी लक्षण ओळखा

‘सरळ जात नाही’ ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे पाच वेगळ्या गोष्टी असतात, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. ऐरोली-वाशीकडच्या हौशी मंडळींच्या कयाक बघून देताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: म्हणजे नेमकं काय होतं?

- प्रत्येक वल्ह्याबरोबर नाक डावी-उजवीकडे डोलतं, पण बोट जायचं तिथेच जाते.
- दोन्ही हातांनी सारखं वल्हवूनही बोट एकाच हाताला ओढते. जाताना उजवीकडे, येतानाही उजवीकडे.
- जाताना उजवीकडे ओढते, परतीला डावीकडे.
- वल्हवताना ठीक, पण हात थांबला की गिरकी घेते.
- नाक अगदी सरळ, तरी समोरचा टॉवर हळूहळू बाजूला सरकत जातो.

पहिलं आणि चौथं लक्षण बहुतेक वेळा दोष नसतोच. नऊ-दहा फुटांच्या रुंद, सपाट बुडाच्या कयाक चटकन वळाव्यात म्हणूनच तशा बनवलेल्या असतात. बुडाची रेघ दोन्ही टोकांना केळ्यासारखी वर उचललेली, त्यामुळे पाण्यात बुडालेली लांबी बोटीच्या लांबीपेक्षा बरीच कमी. अशी बोट डोलणार, आणि सोडली की फिरणार. चौदा फुटांची अरुंद कयाक तेच अंतर कुरकुर न करता कापते, पण वळवताना घाम काढते. दोन्ही गुण एकाच बोटीत मागू नका. डोलणं कमी करता येतं, त्याचं पुढे येईलच.

पाच मिनिटांची चाचणी

दोष पाण्याचा, माणसाचा की बोटीचा, हे आधी ठरवायचं. खर्च शून्य.

सकाळी लवकर, वारा पडलेला असताना आणि पाणी भरून थांबलेलं असताना बोट काढा. लांबवरची एखादी खूण धरा. खाडीत विजेच्या टॉवरांना तोटा नाही. चांगला वेग घ्या, शेवटचं वल्हं उजवीकडे मारा, मग वल्हं पाण्याबाहेर काढून मांडीवर ठेवा आणि पाच आकडे मोजा. नाक कुठे गेलं ते बघा. पुन्हा वेग घ्या, या वेळी शेवटचं वल्हं डावीकडे. ही दुरुस्ती महत्त्वाची आहे, कारण शेवटचं वल्हं ज्या बाजूला पडतं त्याच्या विरुद्ध बाजूला नाक थोडं वळणारच. मग बोट उलट दिशेला फिरवून सगळं पुन्हा करा.

दिशा बदलल्यावर ओढही बदलली, तर वारा किंवा प्रवाह. दोन्ही दिशांना, हात थांबवूनही एकाच हाताला ओढते, तर बसणं, वजन किंवा बोट. घसरताना सरळ आणि वल्हवतानाच वाकडी, तर तुमचे हात आणि वल्हं.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये खरोखर वाकडी निघालेली बोट अगदी क्वचित असते. वाऱ्याचा आणि बसण्याचाच मोठा वाटा. म्हणून क्रमही तसाच लावलाय.

१. वारा आणि पाणी

आपली ठाणे खाडी ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहे, आणि कोरड्या दिवसांत दुपारचे खारे वारे येतात पश्चिम-वायव्येकडून. म्हणजे खाडीत लांबीच्या दिशेने वल्हवणाऱ्याला वारा जवळजवळ नेहमी आडवा लागतो. ऐरोलीहून वाशीकडे निघालात की तो उजव्या खांद्यावर, परतीला डाव्या. आणि बोट काय करते? दोन्ही वेळा नाक पश्चिमेला, भांडुप-विक्रोळीकडे फिरवते. तिसरं लक्षण ते हेच. बोट वाकडी असती तर तिने हात बदलला नसता.

असं होतं कारण पुढे जाताना नाक न ढवळलेल्या पाण्यात दाबलं जातं आणि तिथे त्याला पकड मिळते. शेपूट मात्र बोटीनेच ढवळून सैल केलेल्या पाण्यात असतं. आडवा वारा दोन्ही टोकांना ढकलतो. नाक जागेवर राहतं, शेपूट वाऱ्याखाली घसरतं. परिणामी नाक वाऱ्याच्या तोंडाकडे वळतं. वेग जितका जास्त तितकं हे जास्त, म्हणून घाबरून जोरात वल्हवणाऱ्याला वाटतं बोट मुद्दाम छळतेय.

यावर फुकटचे तीन उपाय. वाऱ्याकडच्या बाजूचं वल्हं थोडं रुंद, म्हणजे बोटीपासून लांबून, मारा. वाऱ्याकडच्या ढुंगणावर किंचित भार टाका, कारण कयाक ज्या बाजूला कलते त्याच्या उलट वळते. आणि सामान थोडं मागे सरकवा, म्हणजे शेपटाला पकड येते. तरीही ओढत असेल तर स्केग, म्हणजे मागच्या बाजूचं ते वर-खाली होणारं पातं, अर्धं सोडा. पूर्ण नको. पूर्ण सोडलं की काही बोटी उलट्या वागतात आणि वाऱ्याकडे पाठ फिरवतात. ढोबळ नियम असा: वारा समोरून तर स्केग वर, आडवा तर अर्धा, पाठीमागून तर पूर्ण खाली. घोडबंदरच्या बाजूला, गायमुखच्या पुढे, खाडी साधारण पूर्व-पश्चिम होते. तिथे तोच दुपारचा वारा समोरून नाहीतर पाठीवर येतो. त्यामुळे ऐरोलीत छळणारी बोट तिथे शहाण्यासारखी वागली तर ती ‘सुधारली’ असं समजू नका.

आता प्रवाह. पाचवं लक्षण, नाक सरळ पण खूण सरकते, हे नव्वद टक्के लोक बोटीचा दोष म्हणून सांगतात, आणि तो कधीच नसतो. तुम्ही ज्या पाण्यावर बसलात तेच सरकतंय. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. एवढं पाणी सव्वासहा तासांत आत येणार आणि तितक्याच वेळात बाहेर जाणार, म्हणजे मधल्या दोन तासांत ते धावणारच. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, हाच फरक निम्म्याहून कमी असतो. चाचणी त्या दिवसांत करा.

पाणी कधी थांबेल हे काढायला जुना हिशोब अजून चालतो. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. हा हिशोब मुंबई किनाऱ्याचा, खाडीत आत जाल तसा थोडा उशीर धरा. नेमकं हवं असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

प्रवाहाने सरकताय की नाही हे ओळखायला एक खूण पुरत नाही, दोन लागतात. जवळची एक काठी आणि तिच्या बरोबर मागे लांबचा एक टॉवर किंवा इमारत. दोन्ही एका रेषेत राहिले तर तुम्ही सरळ चाललात. काठी टॉवरपासून वेगळी होऊ लागली तर वाहताय. अशा वेळी एका बाजूने जास्त वल्ही मारत बसू नका, नाकच प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकं ठेवा आणि दोन्ही हात सारखे चालवा. दिवाळे-सारसोळेकडच्या कोळी बांधवांना खाडी ओलांडताना कधी बघा, होडीचं तोंड जायच्या जागेच्या बरंच वर असतं. वाशीच्या पुलाच्या खांबांजवळ मात्र कुठलीच युक्ती लढवू नका. तिथे पाणी खांबामागे उलटं फिरतं, नाक एका प्रवाहात आणि शेपूट दुसऱ्यात सापडतं. लांबून जा.

उथळ पाण्याचंही एक असतं. ओहोटीला गाळावर जेमतेम फूटभर पाणी उरलं की बोट जड होते, शेपूट खाली बसतं, वळणं विचित्र होतं. खोल पाण्यात गेलात की आपोआप थांबतं.

२. तुम्ही कसे बसलाय

दोन्ही दिशांना एकाच हाताला ओढणाऱ्या बोटीत सगळ्यात आधी मी पाय ठेवायच्या पट्ट्या बघतो. दोन्हीकडचे खाचे मोजा. डावी पट्टी एक खाचा पुढे असली की डावा पाय ताणला जातो, कंबर फिरते, एका ढुंगणावर भार येतो आणि बोट नकळत कलते. कललेली बोट वळणारच. वर बसायच्या कयाकमध्ये हाच घोळ पाठीच्या टेकूचे पट्टे घालतात. एक पट्टा दोन बोटं जास्त ओढलेला असतो आणि माणूस तासभर तिरका बसतो. कुणाला तरी समोरून फोटो काढायला सांगा. दोन्ही कडा पाण्यापासून सारख्या उंचीवर आहेत का ते फोटोत लगेच दिसतं, बसल्या जागी कळत नाही.

मग सामान. दोन लिटर पाण्याची बाटली म्हणजे दोन किलो, आणि ती बोटीच्या कडेला खोचलेली असते. मधोमध आणा. पुढे-मागेही बघा: नाक जड असेल तर बोट पाण्यात नाक खुपसून सारखी भरकटते, शेपूट जरा जड असेल तर सरळ राहायला मदत होते. पाच लिटरचा कॅन भरून घ्या, एकदा पायाशी आणि एकदा पाठीमागे ठेवून वल्हवून बघा. फरक जाणवला तर तुमचा प्रश्न तिथेच सुटला. दोघांच्या कयाकमध्ये वजनदार माणूस मागे. आणि दोघांची कयाक एकट्याने मागच्या सीटवरून चालवत असाल तर नाक हवेत राहतं आणि वारा ते घेऊन जातो. मधे बसायची सोय असेल तर मधे बसा, नसेल तर पुढे पाण्याचा कॅन बांधा.

बोट पाण्याबाहेर काढल्यावर एका टोकाला उचलून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर पोटात पाणी आहे. ते ज्या बाजूला जमतं त्या बाजूला बोट कलते, आणि तुम्ही सावरलंत की दुसऱ्या बाजूला जातं, म्हणून ओढही बदलत राहते. निचऱ्याचं बूच आणि त्याचा रबरी वायसर आधी बघा. वायसर सुकून चिरलेला असतो, हार्डवेअरच्या दुकानात दहा-वीस रुपयांत तसाच मिळतो.

३. वल्हं आणि हात

घसरताना सरळ, वल्हवताना वाकडी, अशी बोट असेल तर हा भाग तुमचा.

आधी वल्हं बघा. बहुतेक पाती एका बाजूला थोडी लांब असतात, ती लांब कड वर यायला हवी. पोकळ बाजू तुमच्याकडे. पात्यावरची अक्षरं उलटी दिसत असतील तर वल्हं उलटं धरलंय. दोन तुकड्यांचं वल्हं असेल तर जोडावर पिळून बघा. बटणाचं भोक झिजलेलं असेल तर जोर लावताना एक पातं फिरतं आणि तिरकं पाणी कापतं, त्यामुळे त्या बाजूचं वल्हं पोकळ जातं. जोडात वाळू अडकलेली असेल तर गोड्या पाण्याने धुवा. झीज असेल तर वल्हंच बदलावं लागतं, चिकटपट्टी फार दिवस टिकत नाही.

मग पकड. दांडा डोक्यावर आडवा ठेवा, कोपर काटकोनात आले की हात योग्य जागी आहेत. तिथे दोन्हीकडे इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारा. अर्ध्या तासाने बघा, एक हात टेपपासून सरकलेला असतो. एक बाजू लांब झाली की तिकडचं वल्हं जास्त वळवतं. उजव्या हाताने कामं करणाऱ्यांची बोट डावीकडे जाते त्याचं अर्धं कारण हेच.

डोलण्याचं कारणही इथेच सापडतं. वल्हं बोटीपासून जितकं लांब फिरतं तितकं ते बोट पुढे ढकलण्याऐवजी वळवतं. सरळ जायचं तर पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात, बोटीला खेटून मागे, आणि कंबरेशी आलं की बाहेर. कंबरेच्या मागे ओढत नेलेला प्रत्येक वीतभर शेपूट बाजूला फेकतो. दांडा जरा उभा धरावा लागतो, बाही भिजते, भिजू द्या.

आणि नाकाकडे बघणं सोडा. नाक दहा अंश फिरल्याशिवाय ते फिरलंय हे तिथे बघून कळत नाही. मग लोक घाईने वल्हं मागे रोवून ब्रेक मारतात, वेग जातो, बोट उलट्या बाजूला झुलते. लांबच्या खुणेवर नजर ठेवली की वळण सुरू होतानाच दिसतं. उजवीकडे वळतेय? उजवीकडचं पुढचं वल्हं थोडं रुंद. एवढंच.

४. स्केग, सुकाणू आणि खाडीचा कचरा

खाडीत ही तपासणी दर फेरीनंतर करावी लागते. प्लास्टिकच्या पिशवीचा बंद स्केगला गुंडाळतो, पिशवी मागे फुगते, आणि बोट दोन्ही दिशांना जड आणि वाकडी होते. पाण्यावर असताना दिसत नाही. चार वल्ही मागे मारून बघा, बरेचदा सुटते. उल्हास नदीच्या अंगाला पिशवीऐवजी जलपर्णी असते, मुळांसकट.

स्केग खाली येत नसेल तर बहुधा त्याच्या खाचेत खडी अडकली आहे. रॅम्पवरून बोट घसरवत नेली की हे होतंच. बोट पालथी घाला, गोड्या पाण्याचा जोराचा फवारा मारा, मग केबल टाय खाचेतून फिरवा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, खाचेची भिंत पातळ असते आणि ती फुटली की पाणी थेट पोटात. स्केगच्या टोकाला छोटं भोक असेल तर त्यात नायलॉनची दोरी अडकवून ठेवा, पुढच्या वेळी ती ओढली की काम झालं. केबलला वाकण आलं असेल तर स्केग अर्ध्यावर अडकतं. ते जागेवर सरळ होत नाही, केबलच बदलायची.

सुकाणू असेल तर दोन्ही पायपट्ट्या समान ठेवून मागे जाऊन बघा. पातं मधोमध आहे का? नसेल तर एका बाजूची दोरी ताणली गेलीय. गाठ सोडून पुन्हा बांधणं हा दहा मिनिटांचा खेळ आहे, आणि लोक त्यासाठी नवीन संच मागवतात.

हवा भरायच्या कयाकवाल्यांनी आधी पंप काढावा. मऊ बोट तुमच्या वजनाने मधे खचते, दोन्ही टोकं वर येतात आणि ती जागच्या जागी फिरते. झडपेजवळ छापलेला दाब पाळा, अंगठ्याने दाबून अंदाज नको. दोन्ही बाजूंच्या नळ्या सारख्या दाबाच्या हव्यात. काढता-घालता येणारं खालचं पातं उलटं बसवलेलं नाही ना बघा, त्याचं वळलेलं टोक मागे हवं. पिशवीत घडी होऊन वाकलेलं पातं गरम पाण्यात मऊ करून, सपाट लादीवर वजनाखाली थंड होऊ द्या. आणि उन्हात ठेवताना थोडी हवा सोडा.

५. बोटच वाकडी असेल तर

इथवर आलात तर आता बोटीवर संशय घ्यायला हरकत नाही. बोट दोन स्टुलांवर पालथी ठेवा. नाकाच्या टोकापासून शेपटाच्या टोकापर्यंत सुतळी ताणून बांधा आणि वरून बघा. बुडाची मधली रेघ सुतळीखालून सरळ जाते का? स्केगची खाच सुतळीवर आहे का?

इथल्या बहुतेक कयाक पॉलिथिलीनच्या. मे महिन्यात गच्चीवर उन्हात दोन विटांवर ठेवलेली, किंवा गाडीच्या टपावर पट्टे करकचून बांधून नेलेली बोट आत खचते. खळगा एकाच बाजूला असेल तर ती सरळ जात नाही. अशी बोट पुन्हा उन्हात पालथी ठेवा, तापली की आतून तळहाताने हळूहळू दाबा, मग सावलीत आतून टेकू देऊन थंड करा. गरम पाणीही चालतं. हीट गन किंवा बर्नर अजिबात नको, प्लास्टिक जळून ठिसूळ होतं. पुढे बोट कुशीवर ठेवा किंवा रुंद पट्ट्यांवर टांगा.

इथे थांबा, माणूस बोलवा

संपूर्ण रेघच पिळवटलेली असेल, सुतळीपासून हाताच्या बोटाच्या रुंदीहून जास्त सरकलेली, तर घरी काही होत नाही. नवी असेल तर विक्रेत्याकडे फोटोसकट न्या. पॉलिथिलीनला चीर गेली असेल तर इपॉक्सी पुटी लावू नका. ती त्या प्लास्टिकला धरत नाही, आणि नंतर वेल्डिंग करणाऱ्याला आधी तीच खरवडत बसावं लागतं. त्याच प्लास्टिकच्या कांडीने वेल्ड करणारा माणूस शोधा. फायबरग्लासची बोट दाबल्यावर मऊ लागत असेल, स्केगच्या खाचेतून आत पाणी येत असेल, किंवा सुकाणूची पट्टी बोटीपासून सुटत असेल तर बोटी दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. ज्या बोटीला स्केग नाही तिला भोक पाडून बसवायचा विचारही त्यालाच विचारून करा. खांदा दुखतोय, बोटांना मुंग्या येतायत, तर बोट बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

पाण्यावरही थांबायची वेळ असते. लाटांवर पांढरा फेस दिसू लागला, किंवा दहा मिनिटं वल्हवूनही दोन खुणांची रेष सुधारत नाही, तर चाचणी बंद करा आणि वाऱ्याच्या आडोशाच्या काठाने परता. पावसाळ्याचे महिने खाडीत उतरूच नका. लाइफ जॅकेट अंगावर हवं, बोटीत नव्हे. फोन पाण्यापासून बंद पिशवीत, त्यात ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ आधीच टाकून ठेवा. ओहोटीत गाळावर अडकलात तर बोटीतून पाय बाहेर काढू नका, मांडीपर्यंत रुतता आणि मग बोटही हाताला लागत नाही. बसून राहा, कुणाला तरी फोन करून ठावठिकाणा सांगा आणि पाणी परत येऊ द्या.